नेफ्यातली गाठ

मला गप्प बसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं आमचे हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण गेल्या वर्षी माझ्याच बोटाने मला गप्प बसवलं. तोंड चालूच होतं, ते काय, झोपेतही चालतं. पण ज्याच्याशी बोलायचं त्याला ऐकूच येत नाही, त्याच्यापुढे तोंडाचं काय लोणचं घालायचंय?

तो म्हणजे दादा, माझा थोरला भाऊ. लहानपणी त्याला ताप आला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. पुढे तिशी ओलांडली आणि डोळेही मावळत गेले, आधी कडेकडेचं दिसेना, मग समोरचं. बोलतो मात्र खणखणीत. आवाज कमी करायचा असतो हे त्याच्या गावीही नाही. "टकळे, चहा झाला का गं?" असं त्याने विचारलं की समोरच्या इमारतीतली माणसं घड्याळाकडे बघतात. टकळी हे नाव त्यानेच ठेवलंय. ज्याला एक अक्षर ऐकू येत नाही त्याने मला बडबडी ठरवावं, आता बोला!

त्याला काही सांगायचं तर तळहातावर बोटाने लिहायचं. एकेक अक्षर, वरची रेघ न ओढता, आणि शब्द संपला की हलकीशी थाप. ही युक्ती आईची. त्याची नजर जायला लागली तेव्हा तिने ती काढली, आणि ती होती तोवर तीच त्याच्याशी जास्त बोलायची. दिवसाचा शेवटचा प्रश्न तिचा ठरलेला असायचा: पोट भरलं का? मी तो कधी विचारला नाही. विचारायला हा कमी खातो कुठे! आई गेल्यावर बाकी सगळं बोलणं माझ्याकडे आलं. आमच्या ह्यांना इतक्या वर्षांत तीनच शब्द जमलेत, चहा, जेवण आणि चल, आणि ते लिहायला लागले की दादा म्हणतो, "मेहुणे, हातावर मुंगी सोडलीत का?" पेपरात काय आलं, खालच्या मजल्यावर कोण कुणाशी भांडलं, आज आमटीत मीठ कुणामुळे जास्त पडलं, हे सगळं त्याच्यापर्यंत पोचतं ते माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटातून. दुसरी वाटच नाही.

आम्ही दोघं पुढच्या खोलीत बसून हॉस्पिटलांसाठी पायजमे शिवतो. मी मशीनवर. माझ्या उजव्या हाताला दादाची खुर्ची. शिवून झालेल्या पायजम्यांच्या नेफ्यात नाड्या ओवायचं काम त्याचं. सळईला नाडी अडकवून त्याने एका भोकातून आत घातली की दुसऱ्या भोकातून ती कधी बाहेर येते ते डोळसालाही कळत नाही. नाडीला गाठ राहिली असेल किंवा माझी शिलाई कुठे आवळली असेल, तर नेफ्यावरून नुसता अंगठा फिरवून त्याला समजतं. "इथे हिचा जीव गुदमरतोय," म्हणतो आणि पायजमा माझ्या मांडीवर फेकतो. त्याच्या पलीकडे आईचं स्टूल. ती गेल्यापासून त्याच्यावर कोणी बसलं नाही. मुद्दाम असं नाही, तयार मालाचा गठ्ठा ठेवायला ती जागा सोयीची पडली, इतकंच.

बोटाचं दुखणं सुरू झालं ते सकाळचं. उठून बघते तर दोन्ही हातांची अंगठ्याशेजारची बोटं आकड्यासारखी वाकलेली. कापड सुईखाली सरकवायला मी जन्मभर हीच दोन बोटं रेटत आले. डावं जरा चोळलं की कुरकुरत सुटायचं. उजवं मात्र हट्टी. दुसऱ्या हाताने धरून सरळ करायला जावं तर आधी ढिम्म हलायचं नाही, आणि मग एकदम टक्‌ करून उघडायचं की कोपरापर्यंत कळ. मी चार शिव्या हासडून कामाला लागायची. दुखण्याला घाबरणाऱ्यांतली मी नाही. बाळंतपणातसुद्धा नर्सलाच दम देत होते.

पण पुढे पुढे ते लिहिता लिहिता अडकायला लागलं. अर्धं अक्षर झालं की बोट जागच्या जागी रुतायचं आणि सुटताना दादाच्या तळहातावर टोचायचं. पहिल्यांदा तो हसला. "तुझं बोट तोतरं झालं गं," म्हणाला. मी मधलं बोट वापरून पाहिलं, तर हे वाकडं मध्येच आडवं यायचं. शिवाय दादा म्हणाला, "कोण बोलतंय हे? सर्दी झालेला माणूस वाटतोय." डाव्या हाताने मी कधी लिहिलंच नव्हतं, आणि त्याचं बोट तरी कुठे धड होतं! मग मी थोडक्यात लिहायला लागले. आधी लोकांची भांडणं गेली, मग पेपर गेला. शेवटी उरलं ते जेव, झोप आणि जरा थांब.

माझं दुखणं दादाच्या हाताला कळत होतं, पण थट्टेपलीकडे तो त्यावर काही बोलला नव्हता. एक दिवस संध्याकाळी मी त्याला जिन्यातली गंमत सांगायला बसले. खालचे काका आमच्या ह्यांचे बूट पायात घालून लग्नाला निघून गेले होते, आणि हे काकांच्या बुटांत पाय कोंबून त्यांच्या मागे धावले होते. दोन शब्द झाले आणि बोट अडकलं. मी दातओठ खाऊन रेटलं. टक्‌. दादाने माझा हात धरला. बोटाच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला, जिथून ते टकटकत होतं बरोबर तिथे अंगठा ठेवला आणि तसाच बसून राहिला.

"नको बोलूस," तो म्हणाला, आणि चक्क हळू आवाजात म्हणाला. "तुला त्रास होतो. मला काय, शांततेची सवय आहे."

आणि त्याने मूठ मिटून घेतली.

मी ती उघडायला गेले. उघडेना. माझ्या तोंडावर घराचं दार लावून घ्यावं तसं झालं ते, फक्त दाराच्या आत तो एकटा, आणि आत ना उजेड ना आवाज. मला रडू फुटलं. रडू फुटलं याचा इतका संताप आला की स्वयंपाकघरात जाऊन मी भांडी आपटली. ज्याच्यासाठी आपटली त्याला काय कळणार? आमचे हे मात्र धडपडत बाहेर आले. "उद्याच्या उद्या डॉक्टर," म्हणाले. स्वतःची दाढ वर्षभर दुखत असताना हा माणूस लवंगेवर दिवस काढतो.

हाताच्या डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. मी आधीच नाक मुरडून ठेवलं. दादाला बरोबर नेलं होतं, त्याला घरी सोडून गेलं की मला बाहेर काही सुचत नाही. बाईंनी माझी दोन्ही बोटं वाकवली, सरळ केली, "साखर आहे का?" विचारलं. "घालते की दोन चमचे," मी म्हटलं. हसल्या. रक्तातली साखर म्हणायचं होतं त्यांना, ती नव्हती. मग तळव्यावर काहीतरी गार, बुळबुळीत चोपडलं, वर एक यंत्राची दांडी टेकवली आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

"आता बोट सावकाश वाकवा."

मी वाकवलं. पडद्यावरच्या करड्या धुक्यात एक चकचकीत पट्टा हलला आणि सुळकन सरकत गेला. मी बोट सरळ केलं, तो मागे आला. माझ्या हाताच्या आत! या बोटांना मी भाजलंय, सुई टोचलीय, लाखोली वाहिलीय, आणि आत हे बिनबोभाट चाललं होतं. प्रत्येक टाक्याला हा पट्टा सरकला असणार. दादाच्या हातावर मी जे जे म्हणून लिहिलं, जिन्यातल्या भांडणांपासून आई गेली त्या सकाळच्या त्या दोन शब्दांपर्यंत, त्या एकेका अक्षराला हा असाच पुढेमागे झाला असणार. माझी बोलतीच बंद झाली. आमचे हे तिथे असते तर त्यांनी पेढे वाटले असते.

मग उजवं बोट पूर्ण वाकवलं तेव्हा त्या पट्ट्यावर एक फुगवटा दिसला. तो एका अरुंद जागेपाशी आला, थांबला, मागून रेटा बसला तरी हलेना, आणि मग टक्‌.

"अगंबाई!" मी ओरडले. "ही तर नेफ्यातली गाठ!"

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "बोट ओढणारी ही दोरी. तिला हाडाजवळ धरून ठेवायला अशी बारीक कडी असतात. दोरीला फुगवटा आला आणि कडं जाड झालं की ती त्यातून जाता जाता अडकते. बंदुकीचा चाप सुटल्यासारखं सुटतं, म्हणून ट्रिगर फिंगर म्हणतात."

"बंदूक कशाला हो मध्ये आणलीत, नाडीच बरी," मी म्हटलं.

इकडे दादाने "काय झालं? काय झालं?" करून खोली दणाणून सोडली होती. मी त्याच्या मुठीवर टकटक केलं. एरवी उघडली नसती, पण कुतूहलापुढे त्याचं काही चालत नाही. कळ सोसून मी लिहिलं: हातात नेफा. नाडीला गाठ. त्याचा चेहरा बघायला हवा होता! त्याने स्वतःचा एक हात दुसऱ्या हातात घेतला, बोटांची मुळं चाचपली, एकेक बोट वाकवून आत काय सरकतंय ते शोधायला लागला.

"प्रत्येक बोटाला? सगळ्या माणसांना?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मी दादाच्या हातावर थाप मारली, म्हणजे हो.

"आयला," दादा म्हणाला, "म्हणजे देवही नाड्याच ओवत बसला होता."

बाईंनी मग औषधाचं सांगितलं. इंजेक्शनं दोन प्रकारची होती. एक जुनं, स्टेरॉइडचं. त्याने सूज उतरते, गाठ बसते. दुसरं गुडघ्यात देतात तसल्या घट्ट, चिकट द्रवाचं. ते वंगणासारखं, दोरी सरकायला मदत करतं. या दोन्हींची तिथे तुलना चालली होती, आणि माझी दोन्ही हातांची तीच बोटं अडकलेली, म्हणजे त्यांना पाहिजे तसलंच गिऱ्हाईक. एका बोटात हे, दुसऱ्यात ते. माझी तयारी असेल तरच, आणि नाहीच जमलं तर छोटंसं ऑपरेशन होतंच.

"कुठल्यात कुठलं घालणार?" मी विचारलं.

"ते तुम्हाला सांगायचं नसतं. आणि मलाही कळणार नाही. चिठ्ठी दुसऱ्या खोलीत निघते, सिरिंजला कागद गुंडाळलेला असतो, सुई दुसरे डॉक्टर देतात. मी नंतर फक्त बोटं तपासणार."

माझं टाळकंच सरकलं. "अहो, लपंडाव आहे का हा? उजव्यात जे चांगलं ते घाला आणि डाव्यात काय वाटेल ते घाला. हे उजवं बोट म्हणजे या माणसाचे कान आहेत हो!"

बाई माझ्यावर चिडल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "मावशी, चांगलं कुठलं ते माहीत असतं तर तुमच्या उजव्यात तेच घातलं असतं. आम्हाला अजून माहीत नाही."

एवढी शिकलेली बाई, आणि सरळ सांगते, माहीत नाही! आमच्या घरात घड्याळ बंद का पडलं याचीसुद्धा प्रत्येकाला खात्रीने माहिती असते. आणि माहीत नाही म्हणून ही माणसं हातावर हात धरून बसलेली नव्हती. चिठ्ठ्या काढत होती, कागद गुंडाळत होती, स्वतःपासूनच लपवत होती, का, तर मनाला जे आवडतं तेच डोळ्यांना दिसू नये म्हणून. एका बोटासाठी एवढं! माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, घाला बाई, निघेल ते घाला.

बाहेर बाकावर मी कळ सोसून दोन्ही औषधांचं दादाच्या हातावर थोडक्यात लिहिलं, आणि नंबर येईपर्यंत त्यावरून भांडण झालं. मी मशीनवाली. मशीन अडलं की मी तेल सोडते, तर माझा सगळा जीव त्या वंगणावर. तेल, मी त्याच्या हातावर लिहिलं.

"काहीतरीच!" दादा गरजला. "गाठ आहे तोवर तेलाची बुधली ओत, नाहीतर डबा ओत. नाडी निसरडी होईल, गाठ गाठच राहील. गाठ बसली पाहिजे. स्टेरॉइड!"

सगळा बाक आमच्याकडे बघत होता. एक म्हातारे गृहस्थ पुढे झुकून मला म्हणाले, "माझंही मत गाठीलाच." त्यांना कुणी विचारलं होतं?

सुई म्हणाल तर ब्रह्मांड आठवलं. पण तिच्यात बधिर करायचं औषधही असल्यामुळे नंतर दोन्ही बोटं परक्याची झाली. घरी येताना रिक्षात मी गंमत म्हणून उजव्या बोटाने दादाच्या मुठीवर टकटक केलं. त्याने बिचकत हात उघडला. बोट अडकत होतं, सुटत होतं, पण मला कळच लागत नव्हती! मग काय, मी सुटलेच. बुटांची गोष्ट पहिल्यापासून लिहिली, काका, लग्न, आमचे हे, सगळं. दादा असा खदखदून हसला की रिक्षावाल्याने वळून पाहिलं. "आज तू कुजबुजतेयस," तो म्हणाला. "पण बोल, बोल." घर येईपर्यंत बधिरपणा उतरला, कळ परत आली, आणि ती त्याला माझ्या आधी समजली असावी. जिना चढताना बघते तर मूठ मिटलेली.

त्यानंतर रोज संध्याकाळी दादाची तपासणी. "बोटं आण," म्हणायचा. बोटांच्या मुळाशी एकेक अंगठा ठेवायचा आणि मी बोटं वाकवायची. मग निकाल जाहीर व्हायचा, सगळ्या इमारतीला. "डावी गाठ जरा नरमली. उजवी मगरूर." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एवढीच आमची बोलणी. बाकी वेळ तो नाड्या ओवायचा आणि मी शिवायची. मधूनच तो मान वर करायचा, कुणी हाक मारलीय असं वाटल्यासारखी, आणि परत खाली घालायचा.

एका सकाळी उठले आणि डावं बोट आपोआप उघडलं. टक्‌ नाही, कळ नाही. वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं. लोण्यातून सुरी जावी तसं. आणि उजवं? आकडा. आकडाच. मी अंथरुणात बसून त्या चिठ्ठीला, त्या गुंडाळलेल्या कागदाला आणि जो कोणी वर नाड्या ओवत बसला होता त्यालासुद्धा मनसोक्त बोल लावले. नेमकं उलटं! ज्याने दादाशी बोलायचं ते तसंच, आणि ज्याने आयुष्यात एक अक्षर लिहिलं नाही ते मोकळं!

त्याच आठवड्यात एका दुपारी शिवता शिवता दोऱ्याचं रीळ संपलं. नव्या रिळांची टोपली दादाच्या पलीकडे, आईच्या स्टुलाखाली. दादाला मागावं तर लिहावं लागणार. मीच उठले, वळसा घालून गेले. टोपली काढायला गठ्ठा मध्ये येत होता, तो उचलून खाली ठेवला, आणि कंबर धरली म्हणून त्या स्टुलावर जरा टेकले. दादाने नुकतीच सळई खाली ठेवली होती. डावा हात मांडीवर मिटलेला. उजवा उघडा. उजवा मिटायचं त्याला सुचलंच नव्हतं, कारण त्या हातावर कोणी लिहीतच नव्हतं. मी नेहमी त्याच्या डाव्या बाजूला बसणार आणि डाव्या हातावरच लिहिणार.

माझं डावं बोट मोकळं होतं. त्याचा तळहात समोर होता. म्हटलं, बघावं तरी. आणि मी लिहिलं: दोरा संपला.

अक्षरं काय ती! पहिलीतल्या मुलाने काढावीत तशी. मोठी, वाकडी, एकेक रेघ पुढे ढकलत नेलेली. मला वाटलं आता हा विचारणार, कुणाची शेळी चालतेय.

दादा हललाच नाही.

"परत लिही," तो म्हणाला.

दोरा संपला.

"परत."

मी परत लिहिलं. त्याने दुसरा हात उचलला, ती इतक्या दिवसांची मिटलेली मूठ, ती उघडली, आणि माझ्या डाव्या हाताला मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत हळूहळू चाचपलं.

"तू ओढत लिहितेस," तो म्हणाला. "उजव्याने. आई ढकलत लिहायची. अशी. अगदी अशी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई डावरी. शाळेत छड्या खाऊन खाऊन तिने उजव्याने लिहायला शिकून घेतलं होतं. घरातली एकूणएक चिठ्ठी ती उजव्याने लिहायची, वळणदार. डाव्याने लिहायची ती फक्त दादाच्या हातावर, या स्टुलावर बसून. इथे तिला कोण मारणार होतं? म्हणून तिच्या डाव्या हाताचं अक्षर कधी मोठंच झालं नाही, कच्चंच राहिलं. माझा डावा हातही तसाच, न शिकलेला. मी स्टुलावर तिच्यासारखीच बसले होते, तिच्याच बाजूने, आणि तिच्याच पोटची.

दादाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्याने ते पुसलं नाही, कारण दोन्ही हातांत माझा हात होता.

"मला आई दोनदा ऐकू यायची बंद झाली, टकळे," तो म्हणाला. "एकदा तापात आणि एकदा ती गेली तेव्हा. पुन्हा येईल असं वाटलं नव्हतं गं."

मी माझ्या त्या बोटाकडे बघत राहिले. त्यात काय सोडलं होतं ते मला माहीत नव्हतं, बाईंना माहीत नव्हतं. कुठल्या तरी बंद खोलीत एक चिठ्ठी निघाली होती. ती उलट निघाली असती तर उजवं आधी सुटलं असतं, मी माझ्या जागेवर बसून पहिल्यासारखी टकळी चालवली असती, आणि माझ्या डाव्या हातात आईचा आवाज पडून आहे हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. कसल्या कसल्या गोष्टी माणसाच्या आत गुपचूप सरकत असतात! त्या दुपारी एकही पायजमा शिवून झाला नाही. मी नुसती लिहीत बसले. दोरा, सुई, नाडी, खिडकी, काहीही. त्याला अर्थाशी देणंघेणंच नव्हतं.

शेवटच्या तपासणीपर्यंत उजवं बोटही शुद्धीवर आलं, उशिरा आणि उपकार केल्यासारखं, पण आलं. बाईंनी दोन्ही बोटं वाकवून घेतली, पडद्यावर दोन्ही पट्टे सुळसुळ पळाले, आणि मी पुन्हा आ वासून ते बघितलं.

"मावशी, तुमच्या मते कुठलं बोट जास्त चांगलं झालं?" त्यांनी विचारलं.

मी डाव्याकडे पाहिलं, उजव्याकडे पाहिलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

बाई हसल्या. सगळ्यांची बोटं तपासून झाली की त्या चिठ्ठ्यांची पाकिटं उघडतील, तेव्हा कळवू म्हणाल्या. बाहेर दादा अजूनही कुणाला तरी सांगत होता की ती गाठच होती, तेलाने काही होत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या जुन्या जागेवर बसले. दादाने डावा हात पुढे केला. किती दिवसांचं तुंबलेलं! दवाखान्यातले म्हातारे गृहस्थ, त्यांची नवी कवळी, रिक्षावाल्याने घेतलेला उलटा रस्ता, मी पहिल्यासारखी भराभरा लिहीत सुटले. दादा हसत होता, मध्येच माझ्यावर ओरडत होता, आमचे हे स्वयंपाकघरातून "जरा हळू!" म्हणत होते. सगळं पूर्ववत.

लिहिता लिहिता माझं लक्ष त्याच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. उजवा हात पलीकडच्या मांडीवर उताणा पडला होता. उघडा, स्टुलाच्या बाजूला. त्याने काही मागितलं नव्हतं. स्टुलावर आमच्या ह्यांनी आवराआवरीत पुन्हा गठ्ठा ठेवला होता.

मी मध्येच थांबले. उठले, गठ्ठा खाली ठेवला आणि स्टुलावर जाऊन बसले. डाव्या बोटाने, एकेक अक्षर ढकलत, मी त्याच्या उजव्या हातावर लिहिलं: पोट भरलं का?

"भरलं," दादा म्हणाला, इतक्या हळू की स्वयंपाकघरात आमच्या ह्यांना ऐकूसुद्धा गेलं नाही.